तात्यांनी तपासलेला गोळा

सुरक्षितता ही माणसाने मुक्या जिवाला दिलेली सर्वांत पवित्र हमी होय. हे वाक्य आमच्या कंपनीच्या प्रत्येक माहितीपत्रकाच्या माथ्यावर छापलेलं असतं. ते मी लिहिलं. त्या दिवशी छापखान्याचा माणूस टेबलाशी उभा होता आणि माझा डबा उघडायचा राहिला होता.

आमची कंपनी गिनीपिगच्या पिंजऱ्यात ठेवायच्या वस्तू बनवते. लाकडी बोगदे, पाण्याच्या बाटल्या, झोपायच्या झोळ्या, आणि एक फिरतं चाक. ते चाक गिनीपिगने खरोखर फिरवलं तर त्याच्या पाठीचा कणा दुखावतो, म्हणून आम्ही ते व्यायामासाठी विकतो. तिथे मी सुरक्षा तपासनीस आहे. एकोणीस वर्षं झाली.

तपासणी अशी असते. वस्तू तात्यांच्या पिंजऱ्यात ठेवायची, तीन दिवस थांबायचं, मग फॉर्मवर ‘अपघात झाला का?’ या प्रश्नापुढे होय किंवा नाही अशी खूण करून खाली सही ठोकायची. तात्या म्हणजे कंपनीचे गिनीपिग. वय वर्षं सात, म्हणजे त्यांच्या जातीत नव्वदी ओलांडलेली. त्यांना अरेतुरे कुणी करत नसे. तात्या कोपऱ्यात बसत. पुढ्यात गवत टाकलं तर खात, नाही टाकलं तर वाट बघत. हातभर लांबच्या वस्तूपर्यंत चालत जाण्याचा उत्साह मी त्यांच्यात कधी पाहिला नाही. माझ्यातही तो नसल्यामुळे आमचं छान जमायचं. तात्यांनी एक्केचाळीस वस्तू पास केल्या, चाकासकट. एकदाच ‘होय’वर खूण झाली होती, पण तो अपघात मला झाला होता. बोगदा माझ्या पायावर पडला होता. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी तो फॉर्म फाडायला लावला.

घरी आम्ही तिघं. मी, माझी मोठी बहीण आणि सूनबाई. सूनबाई ही गिनीपिग. मी पंचेचाळिशी ओलांडल्यावर आई एक दिवस बाजारातून तिला खोक्यात घालून घेऊन आली. “तुझ्याच्याने तर झालं नाही,” म्हणाली, “शेवटी मीच आणली.” आणि शेजारपाजाऱ्यांना बोलावून तोंडओळख करून दिली.

आई गेल्याला पाच महिने झाले होते. ताई रडली नाही. मीही नाही. लोक भेटायला आले तेव्हा खुर्च्या कमी पडणार नाहीत एवढं आम्ही दोघांनी पाहिलं. त्यानंतर ताई माझ्याशी कामापुरतं बोलायची आणि सूनबाईशी दिवसभर. फ्रीजचं दार उघडलं की काकडी मिळणार या आशेने सूनबाई शीळ घालायची. पूर्वी आई त्या शिळेला ओ द्यायची. आता ताई देत होती. घरात रोज होणारा आवाज तेवढाच. सूनबाईला काही झालं तर ताई बोलणार कुणाशी, असा प्रश्न मला कधीकधी पडायचा. उत्तर माझ्यापाशी येऊन थांबायचं, म्हणून मी तो फार ताणत नसे.

गवताचा गोळा मी घरी आणला, कारण तो कर्मचाऱ्यांना फुकट होता. तारेच्या जाळीचा, लहान कलिंगडाएवढा. आत गवत भरायचं आणि साखळीने पिंजऱ्यात टांगायचं.

“डोकं नाही ना रे जाणार यातून?” ताईने जाळीत तीन बोटं घालून विचारलं.

“तपासलंय.”

“कुणी?”

“तात्यांनी. तीन दिवस.”

ऑफिसातलं मी घरी काही सांगत नाही. तात्या म्हणजे कुणी वयस्कर अधिकारी असावेत असं ताईला वाटलं. तिने गोळा टांगला.

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. ताईने हाक मारली. ओरडली नाही, दूधवाला आलाय हे सांगावं तशी हाक मारली. म्हणून मी दुसरा गालही उरकून घेतला.

सूनबाईचं डोकं गोळ्याच्या आत होतं, बाकीची सूनबाई बाहेर. तळाशी उरलेल्या चार काड्यांसाठी तिने मान घातली होती. कान आत जाताना दुमडले आणि बाहेर येताना आडवे झाले. गोळा लोंबकळत होता आणि तिचे मागचे पाय जेमतेम जमिनीला लागत होते. ताईने तिला खालून दोन्ही हातांनी उचलून धरलं होतं.

“साखळी काढ,” ताई म्हणाली. मी काढली.

“आता तार काप.”

मी पक्कड आणली. तारेवर ओरखडाही उठला नाही. ‘दातांनी वा हत्याराने न तुटणारी’ असं या तारेबद्दल माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. त्या ओळीच्या वेळी माझं जेवण झालेलं होतं, त्यामुळे तीत काही खोट नव्हती.

कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. ताईने सूनबाईला गोळ्यासकट टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही निघालो. माझ्या एका गालाला साबण होता.

“काय अडकलंय, काकू?” सायकलवाल्याने विचारलं.

“सूनबाई.”

त्याने टॉवेलात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“आणि हे?”

“हा माझा भाऊ.”

“अच्छा,” तो म्हणाला. पुढे काही विचारावं की नाही हे ठरवण्यात त्याचा थोडा वेळ गेला. मग त्याने भिंतीवरून लांब दांड्यांचा कटर काढला. “कुठल्या शहाण्याने बनवलाय हा? आत जायला रस्ता, बाहेर यायला नाही. आमच्या सासऱ्यांचं घर असंच आहे.”

“हळू,” ताई म्हणाली.

पहिली तार तुटली. दुसरी तुटली. गोळ्याला लटकलेली चिठ्ठी त्याच्या मनगटाला लागत होती, ती त्याने उलटी करून वाचली. “‘पूर्णतः सुरक्षित.’ खाली सहीसुद्धा ठोकलीय बघा. सही आहे की कोंबडी नाचलीय?”

ताईने चिठ्ठीकडे पाहिलं. ती सही तिच्या ओळखीची आहे. विजेच्या अर्जावर आहे, गॅसच्या पुस्तकावर आहे, आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर आहे.

“तुम्ही कापा,” ती म्हणाली.

तिसऱ्या तारेला सूनबाई सुटली. मानेभोवतीचे केस गेले होते, श्वास चालू होता. सायकलवाल्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, माणसाच्या घरी असं काही होऊ नये. घरी येईपर्यंत ताई काही बोलली नाही, आणि सूनबाईही नाही.

सोमवारी मी मॅडमच्या खोलीत गेलो. आमच्या विभागाचा निकाल त्यांच्या हातात असतो. गोळ्याच्या पुढच्या मालाचा फॉर्म माझ्या सहीसाठी टेबलावरच होता.

“एखादं तरुण जनावर ठेवून तपासायला हवं,” मी म्हणालो. “तात्या हलत नाहीत.”

“तात्यांवर अविश्वास? त्यांनी या कंपनीसाठी काय कमी केलंय?”

“काहीच केलेलं नाही. तेच सांगतोय.”

“घरी नक्की काय झालं तुमच्या?”

“मान अडकली. तार कापून काढली.”

“गेली का?”

“नाही.”

“मग अपघात कुठे झाला?” मॅडमनी पेन पुढे केलं. आवाजात राग नव्हता. त्यांना अपघात खरोखरच दिसत नव्हता.

एरवी मी ‘नाही’वर खूण करून डबा खायला गेलो असतो. पण सकाळी निघताना ताईने फ्रीज उघडून काकडी काढली होती आणि शीळ आली नव्हती. ताईने तरीही ओ दिली. मी पायात बूट घालत होतो, आणि एक बूट घालून बराच वेळ तसाच बसलो होतो.

मी ‘होय’वर खूण केली आणि सही केली. कोंबडी नेहमीपेक्षा जास्त नाचली.

मॅडमनी फॉर्म उलटून पाहिला. ‘होय’ असेल तर पुढे काय करायचं ते मागच्या बाजूला असायला हवं होतं. मागची बाजू कोरी होती. एकोणीस वर्षांत तिची गरज पडली नव्हती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ताईने दूध ठेवायला फ्रीज उघडला आणि पिंजऱ्यातून शीळ आली. बारीक, मध्येच तुटलेली. ताई दार धरून उभी राहिली. फ्रीज आधी घरघरला, मग गप्प झाला. तिचे खांदे हलत होते. मी टोपातलं दूध तिच्या हातातून घेतलं, कारण ते सांडत होतं.

“ओ दे ना तिला,” ती पाठमोरीच म्हणाली. “माझ्याने होत नाहीये.”

मी ओ दिली.

महिन्याभराने मॅडमनी तोड काढली. तेरा हजार गोळे तयार होते, ते वितळवणं शक्य नव्हतं. माहितीपत्रक मीच नव्याने लिहिलं. गिनीपिगचा उल्लेख काढला, आणि गोळा आता स्वयंपाकघरात टांगायची टोपली म्हणून विकला जातो. नियमाप्रमाणे त्याचीही तपासणी झाली. गोळा तीन दिवस तात्यांच्या पिंजऱ्यात होता.

त्यात पाच कांदे मावतात.