बेल्जियमचं पिस्तूल, कोहमाऱ्याची सोयरीक

आमच्या घरी दोन लाडाच्या वस्तू. एक आमची पोरगी खुशबू, अन् दुसरं खुशबूच्या बाबूजीचं बेल्जियमचं पिस्तूल. बाबूजी म्हंजे माझे मालक, उदेभान बिसेन. नाव मी घेत नाई, पन तुमाले ठाऊक असाव म्हनून एक डाव घेतलं. पिस्तूल बत्तीस बोरचं. यांच्या आजोबानं इंग्रजाच्या काळात घेतलं, अन् लायसन बापाकडून पोराकडे येत राहिलं. त्या पिस्तुलानं आजपर्यंत एक डुक्कर मारलं नाई का एका चोराले भेव दाखवलं नाई. पन माझ्या पोरीच्या दोन सोयरिकी मात्र जागच्या जागी पाडल्या.

पयली सोयरीक केशोरी गावची. पाहुने पोहे खाऊन राहिले होते. यांनी कपाटातून पिस्तूल आनलं अन् चहाच्या ट्रेत, कपाच्या बाजूले ठेवलं. खाली होतं, गोळ्या काढलेलं, पन पाहुन्याले का ठाऊक? पोराच्या मावशीच्या हातची प्लेट खाली पडली. पोराच्या बापानं विचारलं, "हे धमकी समजाव का?"

"नाई हो," हे म्हनाले. "पाहा तं, गोळीवर ठोकनारा घोडा मांगे बाहीर दिसते का? सारी कळ आतमंदी हाये. म्हनून खिशात अटकत नाई."

पाहुने चहा न पिता गेले. दुसरे पाहुने आले तवा मी कपाटाची चाबी कमरेले खोचली. तं यांनी तोंडीच सांगितलं, का याच जातीच्या पिस्तुलानं एका राजकुमाराले गोळी मारली अन् पयलं महायुद्ध पेटलं. लग्नाच्या बोलनीत कोनी महायुद्ध काढते का? दुसऱ्या दिवशी त्याइचा निरोप आला, का पत्रिका जुळत नाई. पत्रिका आमी देलीच नोती.

मंग एक दिवस खुशबू माझ्याजवळ येऊन बसली. ती तिरोड्याले औषधाच्या दुकानात काम करते. सीधं बोलली, "माय, पोरगा मी पाह्यला हाये. हेमेंद्र नाव. बँकेत हाये. घर कोहमाऱ्याले, बापाचा ढाबा हाये. रीतीनं पाहाले येतीन. ही सोयरीक बाबूजीच्या पिस्तुलानं मोडली, तं मी दुसऱ्या कोनासमोर ट्रे धरनार नाई. सांगून ठेवते."

पोरगी माझ्यावर गेली हाये. बोलली का बोलली. अन् यांले समजवनं म्हंजे भिंतीशी बोलनं. पन तेवढ्यात जिल्हा परिषदेची निवडनूक लागली अन् आचारसंहिता आली. आचारसंहितेत ज्याच्याजवळ लायसनचं हत्यार हाये, त्याले ते ठान्यात जमा करा लागते. निकाल लागल्यावर वापस भेटते. लोकाइले निवडनुकीत पार्टी दिसते, उमेदवार दिसते. मले मोकळं कपाट दिसलं. हे फडक्यात पिस्तूल गुंडाळून ठान्यात देऊन आले, अन् मी त्याच सांजी कोहमाऱ्याले निरोप धाडला, का याच इतवारी या.

हे तोंड पाडून बसले. "निकाल तं लागू दे. एवढी कायची घाई हाये?"

"काऊन? लगन पोरीचं हाये का पिस्तुलाचं?"

"घरात काई दाखवासारखं तं पायजे."

"पोरगी हाये ना घरात. ती दाखवू."

यांले मी खुशबूच्या डोक्यावर हात ठेवाले लावून कबूल करून घेतलं, का पिस्तुलाचं नाव काढनार नाई.

इतवारी दुपारी पाहुने आले. हेमेंद्र, त्याची माय प्रेमिलाबाई अन् बाप गुलाबचंद रहांगडाले. पोरगा मले पाहताच पटला. नीटनेटका, शर्टाच्या खिशात पेन, अन् पाया पडला तं खरंखुरं वाकून पडला. हे इतके चुपचाप बसले होते, का गुलाबचंदजीनं विचारलं, तब्येत बरी हाये ना. धानाचं बोलनं झालं. बोदलकस्याच्या तलावाच्या पान्याचं झालं. खुशबू चहा घेऊन आली. मी मनात देवाचं नाव घेऊन राहिली होती. मंग बोलनं निवडनुकीवर गेलं, अन् गुलाबचंदजी म्हनाले, "आमाले तं निवडनुकीचा तरासच हाये. दर खेपी हत्यार जमा करा, मंग आनाले चकरा मारा."

यांचा कप अर्ध्यातच थांबला. मी डोळे वटारले. खुशबूनं हेमेंद्रकडे पाह्यलं, तं हेमेंद्र आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहून राहिला होता. त्या बैताडानं आपल्या बापाचं दुखनं माझ्या पोरीपासून लपवलं होतं, अन् माझ्या पोरीनं आपल्या बापाचं त्याच्यापासून.

"कोनतं हाये?" यांनी हळूच विचारलं.

"रिव्हॉल्वर," गुलाबचंदजी छाती फुगवून म्हनाले.

"हं," हे म्हनाले. भाजीत अळी निघाल्यावर मानूस करते तसं तोंड केलं. "ते चक्करवालं. आमचं पिस्तूल हाये. बेल्जियमचं. एकोनीसशे दहाचं मॉडेल."

गेली शपथ. मंग कायचा पोरगा अन् कायची पोरगी. हे पुढे सरकले. "एक गोळी सुटली, का तिच्याच धक्क्यानं वरचा भाग मांगे येते. सुटलेल्या गोळीची खाली टोपी बाहीर फेकते, अन् समोर जाता जाता दुसरी गोळी जागेवर बसवते. मानसानं फक्त बोट दाबाव. शंभर वर्सं होऊन गेले, अजूनपर्यंत दुनियाभरचे कारखाने त्याच अकलेवर चालून राहिले."

"अन् अटकलं तं?" गुलाबचंदजी म्हनाले. "रिव्हॉल्वरात एक नाई फुटली तं पुन्हा दाबा, दुसरी हाजर. तुमचं पिस्तूल अटकलं, का चोराले म्हना, थांब भाऊ, मोकळं करतो."

खरं सांगते, मले त्याचं पटलं.

आता दोघाइचंबी हत्यार ठान्यात. दाखवाव कसं? गुलाबचंदजीनं मले मसाल्याचा डबा मांगितला. पाहुन्याले नाई कसं म्हनाव, मी आनून देला. "हे पाहा. मधात दांडा, भवताल सहा घरं. असं फिरते." अन् त्यानं डबा फिरवला. हळद मोहरीत गेली, मोहरी जिऱ्यात. यांनी हेमेंद्रच्या खिशातला पेन काढून खोलला. "ही रिफील म्हंजे नळी. ब्राऊनिंग नावाचा मानूस होता अमेरिकेत, बंदुकीच्या कारागिराचा पोरगा. पयलेच्या पिस्तुलात स्प्रिंग नळीच्या वर राहे नाईतं खाली, म्हनून ते जाडं दिसे. यानं स्प्रिंग नळीवरच चढवली. कसं सडपातळ झालं पाहा." तेवढ्यात स्प्रिंग उडाली अन् प्रेमिलाबाईच्या चहात पडली. त्या बाईनं चमच्यानं काढली, बशीत ठेवली अन् चहा पिऊन टाकला. तोंडावर रेघ हालली नाई.

"अन् चुकून गोळी सुटू नये म्हनून दोन कुलपं," हे म्हनाले.

"तीन," खुशबू बोलली. ट्रे हातात धरून उभी होती. "अंगठ्याचं एक, मुठीचं एक, अन् मॅगझीन काढलं का आपोआप लागते ते एक." बोलली अन् जीभ चावली. पोट्टी पाळन्यात होती तवापासून हेच ऐकून राहिली, तिचा तरी का दोष.

"तीन कुलपं," गुलाबचंदजी हासले. "म्हंजे तुमाले आपल्याच पिस्तुलाचा भरोसा नाई."

"अन् तुमचं रिव्हॉल्वर म्हंजे गाभन म्हैस. खिशात ठेवलं का साऱ्या बाजाराले दिसते."

गुलाबचंदजी उठले. दुपट्टा खांद्यावर टाकला. "चल हेमेंद्र. ज्या घरात रिव्हॉल्वरची इज्जत नाई, त्या घरची पोरगी आपल्याले नोको."

हेमेंद्र उठला नाई, पुन्हा अंगठ्याकडे पाहाले लागला. खुशबूचं तोंड उतरलं. मले असा संताप आला, का वाटलं, या दोन बुढ्याइले त्याच ठान्यात जमा करून याव, अन् निकाल लागला तरी वापस आनू नये. मी तोंड उघडनार, तं खुशबूनं ट्रे खाली ठेवला.

"काकाजी," ती म्हनाली, "तुमचं चक्कर कोनत्या बाजूनं फिरते? डाव्या का उजव्या?"

गुलाबचंदजी दारात थांबले. "कायले पायजे?"

"नाई, एकच गोळी भरली असली, तं ती कोनत्या घरात ठेवाची? उलट्या बाजूले ठेवली, तं चार डाव दाबूनबी सुटनार नाई ना."

तो मानूस वापस आला. खुर्चीवर बसला. आवाज एकदम नरम झाला. "बाई, लोकाइनं मले लायसनचे पैसे किती लागले ते विचारलं, कोनाले मारलं का ते विचारलं. हे कोनी विचारलं नाई." अन् मसाल्याचा डबा जवळ ओढून सांगाले लागला, का कोनत्या कंपनीचं डाव्या बाजूनं फिरते, कोनत्या कंपनीचं उजव्या, अन् त्याच्याजवळचं काऊन उजव्या. खुशबू समोर बसून ऐकून राहिली होती. नाटक नोतं ते. मधात मधात विचारत होती, अन् विचारलं का तो खुलत होता.

प्रेमिलाबाई माझ्या कानाशी आल्या. "बाई, आमच्या तीन सोयरिकी याच पायी मोडल्या. पोरी जांभया देत, त्याइचे बाप घड्याळ पाहात. तुमच्या पोरीनं पापनी हालवली नाई. मी सारा जलम ऐकलं. आता मले सुट्टी पायजे. कुकू आना."

मले हासूबी आलं अन् रडूबी. पोरगी पिस्तुलाच्या घरून सुटली अन् रिव्हॉल्वरच्या घरी चालली. कुकू आनाच्या बहान्यानं मी तिले चुलीजवळ नेलं. "तुले चालते ना? मंग म्हनशीन, माय, तू विचारलंच नाई."

"हेमेंद्र चालते, माय. बुढ्याची तं मले सवयच हाये."

कुकू लागलं, साखर वाटली. जाताना गुलाबचंदजीनं यांले समधी म्हनून गळ्याले लावलं, पन दोघाइनंबी हत्याराचं नाव काढलं नाई.

सांजी हे खाटेवर बसून राहिले. मले वाटलं, खुश असतीन. मी भांडे आवरून आली तरी तसेच.

"तिनं मले कवा असं विचारलं नाई," हे म्हनाले.

"तुमी विचारू देलं कवा? तिनं तोंड उघडाच्या आधी तुमचं सांगून झालं राहे."

यांनी आंगनाकडे पाह्यलं. खुशबू तिथं फोनवर बोलून राहिली होती, हासून राहिली होती.

"ती गेल्यावर मी कोनाले सांगू, जमुना?"

लगन झाल्यापासून हे मले 'अवो' म्हनतात, नाईतं 'खुशबूची माय'. माझं नाव यांले ठाऊक हाये का नाई, असा मले संशय राहे. माझ्या जिभेवर जवाब तयार होता, का भिंतीले सांगा. पन तो निघाला नाई. एवढ्या वर्सात मी त्या पिस्तुलाले शिव्या देल्या, चाब्या लपवल्या, पन त्याच्याबद्दल एक सवाल कवा केला नोता.

"तुमच्या आजोबानं पिस्तूलच काऊन घेतलं हो?" मी विचारलं. "रिव्हॉल्वर काऊन नाई?"

यांनी माझ्या तोंडाकडे पाह्यलं. मी मजाक करून राहिली का, ते पाह्यलं. मंग खाटेवर बाजूले सरकले.

"बस," म्हनाले. "उभ्याउभ्या ऐकासारखं नाई ते."

मी बसली.