कळी की गोटी

मालकांनी शेवटची चिठ्ठी उलगडली, चष्मा कपाळावर सारला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "गोल."

बुद्धिबळाच्या सोंगट्या करणाऱ्या त्या कारखान्यात माणसं इनमिन नऊ. चार फुल्या, पाच गोल. म्हणजे यापुढे राजाच्या डोक्यावर साधी गुळगुळीत गोटी बसणार आणि बाबांची कळी गेली.

खरं तर हे मालकांनीच ठरवायचं. मोठ्या गिऱ्हाइकाला दोन्ही नमुने पसंत होते, कुठलाही एकच पाठवा म्हणालं होतं. पण तीस वर्षं राजाच्या शेंड्यावर पाच पाकळ्यांची कळी कोरणाऱ्या माणसाला 'तुमचं काम संपलं' असं तोंडावर सांगायची मालकांची छाती नव्हती. मग त्यांनी मतदानाचा घाट घातला. कळी हवी त्यानं फुली मारायची, गोटी हवी त्यानं गोल काढायचा, नावं लिहायची नाहीत. वाईटपणा नऊ जणांत वाटला की कुणाच्याच वाट्याला फारसा येत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

थोरलीच्या वाट्याला मात्र तो सगळाच्या सगळा आला. पाचवा गोल तिनं काढला होता.

थोरली म्हणजे बाबांची मोठी मुलगी. बाबांनीच तिला इथं पॉलिशच्या कामाला लावलं होतं. बाबा कळी कोरायचे आणि ती पॉलिशपेपरची बारीक सुरळी करून एकेक पाकळी घासायची. दिवसाला चाळीस राजे, म्हणजे दोनशे पाकळ्या. बोटांची टोकं सोलवटून निघायची. घरी भांडी घासताना पाणी लागलं की जीव कळवळायचा. बाबांना तिनं कधी सांगितलं नाही. त्यांच्या कळीला नाव ठेवायचं म्हणजे त्यांनाच नाव ठेवण्यासारखं. चिठ्ठी हातात आली, दुखरं बोट पेन्सिलीला टेकलं आणि तिनं पटकन गोल काढून टाकला. बाकीचे बाबांच्याच बाजूचे असतील, आपल्या एका चिठ्ठीनं काय होतंय, असं तिला वाटलं. शिवाय गोटी तिला आवडलीही होती. या गोष्टीची तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

मालकांनी बाबांना काढलं नाही. सोंगट्यांच्या बुडाला हिरवं कापड चिकटवायला बसवलं. जन्मभर राजाचं डोकं सजवलेला माणूस आता प्याद्यांची बुडं धरून बसला. लाकूड कातणारे लेथवाले दोघं तोंड फिरवून हसले, आणि मग आपलं हसणं आपल्यालाच आवडलं नसल्यासारखे लेथ सुरू करून मोकळे झाले.

"चार गोल कुणाचे, ते मला ठाऊक आहे," रात्री घरी जेवताना बाबा म्हणाले. "दोघं लेथवाले, पॅकिंगवाला आणि खुद्द मालक. घोडे कोरणारे दोघं भाऊ माझ्याकडचे. मी, तू. राहिला कोण? तो वॉर्निशवाला!"

थोरली पाणी आणायला म्हणून उठली.

वॉर्निशकाका म्हणजे बाबांचे जिवाभावाचे दोस्त. 'तुझ्या पाकळ्यांत माझं वॉर्निश साचतं रे,' अशी कुरकुर ते वीस वर्षं करत आले होते आणि बाबा त्यांना शिव्या हासडत आले होते. दोघांची ती करमणूक होती. आता बाबांनी तोच पुरावा धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी काका नेहमीसारखे डबा घेऊन आले, तर बाबांनी पाठ फिरवली. काका डबा न उघडताच परत गेले.

पंधरा दिवस थोरलीनं कसेबसे काढले. मग एकदा ती वॉर्निशच्या खोलीत गेली.

"काका, तो गोल माझा होता."

काकांचा ब्रश थांबला नाही. "ठाऊक आहे."

"कसं काय?"

"मी फुली मारली होती. मग उरलं कोण? आणि तुझी बोटं रोज बघतो की मी."

"मी सांगून टाकते बाबांना."

"मुळीच नाही," काका म्हणाले. "माझ्यावर रागावून त्याचं भागतंय. तुझ्यावर रागावला तर घरी जाऊन कुणाशी बोलेल तो?"

त्यांनी समजून घेतलं, त्यामुळे तिला अधिकच अपराधी वाटलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तरी ती गप्प राहिली, कारण गप्प राहणं सोयीचं होतं, आणि हे तिला पक्कं कळत होतं.

त्या आठवड्याच्या शेवटी, कारखाना सुटताना काका फाटकापाशी सायकल घेऊन उभे होते. बाबांना पाहून हळूच म्हणाले, "निघालास का रे?"

"गद्दारांशी मी बोलत नाही," बाबा सगळ्यांच्या देखत म्हणाले.

काकांनी मान खाली घातली. थोरलीला ते बघवेना.

"बाबा, काकांनी नाही केलं. गोल मी काढला. बोटं फार दुखायची माझी, म्हणून."

सगळे जागच्या जागी थांबले. आता बाबा ओरडतील, हात उगारतील, काहीही करोत, असं म्हणून ती उभी राहिली. पण बाबांचा चेहरा निवळत गेला.

"बघा!" ते बाकीच्यांना म्हणाले. "बघा माझी पोर! या माणसाची लाज राखायला स्वतःवर ओढून घेतेय."

"बाबा, खरंच सांगते..."

"पुरे. माझी पोर मला कळत नाही होय?" मग ते काकांकडे वळले. "शीक जरा हिच्याकडून."

थोरलीनं काकांकडे पाहिलं. काहीतरी बोला हो, असं तिच्या डोळ्यांत होतं. काकांनी ते वाचलंही असावं.

"खरंय," ते म्हणाले. "पोर गुणाची आहे तुझी." आणि सायकल ढकलत रस्त्याला लागले.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बाबा वाटेत मोकळेपणानं बोलत होते. त्यांचा हात थोरलीच्या खांद्यावर होता. तो काढून टाकावा, पुन्हा एकदा सांगावं, असं तिच्या किती वेळा मनात आलं, पण बाबा इतके खुशीत होते की तिची हिंमत होईना. पुढे काका दिसत होते. सायकल हातात असूनही पायीच चाललेले, बहुतेक कुणी हाक मारेल म्हणून.

"जरा सावकाश चल," बाबा म्हणाले. "त्याला पुढे जाऊ दे."

ती सावकाश चालू लागली.