मागच्या पानावरचं नाव

मी एक जुनी वही आहे असं म्हटलं, तर मित्रांनो, तुम्ही हसाल. दोनशे पानी, आडव्या रेघांची, कव्हरावर बर्फाचा डोंगर आणि वय अवघं तीन वर्षं. पण वही वयाने जुनी होत नाही, तिच्यात जे लिहिलं जातं त्याने होते. माझ्यात एक शब्द असा लिहिला गेला, की तेव्हापासून कुणी मला उघडलं की मला चोरट्यासारखं होतं.

पनवेलच्या बाजारात एका स्टेशनरीच्या दुकानात, अकरा बहिणींबरोबर मी सुतळीने बांधलेली होते. अंकिताने मला घेतलं ते बारावीच्या अर्थशास्त्रासाठी. पहिल्या पानावर तिने लाल पेनाने 'मागणीचा नियम' इतक्या देखण्या अक्षरात लिहिलं, की मला वाटलं, आपलं नशीब उघडलं! सहाव्या पानावर अर्थशास्त्र आटोपलं. सातव्या पानावर तिच्या भामा आत्याने सही गिरवली.

भामा आत्या म्हणजे अंकिताच्या वडिलांची थोरली बहीण. त्यांचं गाव विमानतळाच्या जमिनीत गेलं आणि सगळं घर खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर येऊन राहिलं. आत्या धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात विधीची गाणी म्हणणारी बाई. कितीतरी धवले तिला तोंडपाठ, पण अक्षराशी कधी गाठ पडलेली नाही. बँकेत अंगठा उठवायची तिला लाज वाटायची, म्हणून अंकिताने तिला माझ्या पानावर 'भामा' लिहायला शिकवलं. पेन तिने कोयता धरावा तसं मुठीत धरलं होतं. चाळीस वेळा गिरवल्यावर शेवटची चार बरी आली. "बस गो, आता मना सोड," म्हणाली आणि भात उतरवायला गेली.

मग मला उलटं फिरवलं गेलं. तुम्हाला ठाऊक आहेच, वहीची पुढची बाजू अभ्यासाची असते आणि मागची मनाची. शेवटच्या पानापासून अंकिताने आपला व्हिडिओ सुरू केला. जपानी चित्रमालिकांना ॲनिमे म्हणतात. त्यांचे चाहते आवडत्या मालिकेतली दृश्यं कापून ती आवडत्या गाण्यावर बसवतात, तसा तो व्हिडिओ. मालिका होती धरणात गाव बुडालेल्या एका मुलीची. आणि गाणं म्हणून अंकिताने निवडला होता मोबाइलवर टिपलेला आत्याचा धवला. शेवटच्या पानाच्या पहिल्याच ओळीत तिने लिहिलं : आवाज – भामा आत्या. त्या दिवशी मी अभिमानाने फुगले होते, हे खोटं कशाला बोलू?

पोरीचं काम नेटकं होतं. तिने चार रकाने पाडले : सेकंद, गाण्यात काय, चित्रात काय, मनात काय. आत्याने श्वास घेतला की दृश्य बदलायचं. आवाज चढला की मुलगी पळत सुटायची. बुडालेलं गाव दिसायचं ते गाणं संपल्यावर, शांततेत. 'गाव आधी दाखवायचं नाही' या वाक्याखाली तिने तीन रेघा मारल्या होत्या. अर्थशास्त्राला हिने याच्या चार आणे लक्ष दिलं असतं, तर बोर्डात आली असती.

दीपेश तिच्या वर्गातला. कॉम्प्युटर त्याचा आणि असल्या व्हिडिओंचा अनुभवही त्याचाच. मधल्या सुट्टीत कॅन्टीनच्या टेबलावर मला उघडी टाकून त्याने गाणं ऐकलं आणि हेडफोन काढला.

"यार, आवाज कसला भारी आहे! पण सुरुवातीची चाळीस सेकंद ही बाई नुसती नावंच घेतेय. पहिल्या आठ सेकंदांत काही घडलं नाही, तर पब्लिक पुढे जातं. उडव ते." मग त्याने विचारलं, "आणि आहे कोण गं ही? तुमच्याकडची?"

ती नावं म्हणजे देवांना आवतण होतं. वडाखालची गावदेवी, बांधावरचा वेताळ, सगळ्यांना लग्नाला या म्हणायचं आणि मगच पुढचं गाणं. आता तो वडही नाही आणि बांधही नाही, तरी आत्या त्यांना जुन्याच जागांवरून बोलवायची. अंकिताला हे सगळं माहीत होतं. पण कॉलेजात ती 'आहे' आणि 'नाही' बोलायची. 'हाय' आणि 'नाय' घराच्या दाराशी चपलांसारखं काढून यायची.

"छे, नेटवर मिळालं," ती म्हणाली आणि माझ्या पहिल्या ओळीवर तिने तळहात ठेवला.

संध्याकाळी तिने ती ओळ खोडली. एक साधी रेघ मारली असती, तर मी समजून घेतलं असतं. तिने कागद फाटेपर्यंत गिरगटलं आणि खाली लिहिलं : गायिका – अज्ञात. देवांच्या चाळीस सेकंदांवरही फुली पडली. मी काय केलं म्हणाल? काही नाही. खोडलं मी नाही, पण मुकाट्याने खोडू दिलं. नावं सांभाळायचा जिचा जन्म, तिनेच एक नाव जाऊ दिलं. मला स्वतःची शरम वाटली.

व्हिडिओ गाजला. चाहत्यांच्या मेळाव्यात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. फिरत फिरत तो गावकीच्या ग्रुपवर पोचला आणि एका दुपारी आत्या मोबाइल घेऊन खोलीत आली. मी टेबलावरच होते.

"काय गो अंकिता, यो माझाच आवाज हाय ना?"

"हो, आत्या." अंकिताचा चेहरा उतरला.

"ती पोर पाण्याकरं बघते ना, तवा मना आपलाच गाव दिसला. पन देवांना नाय बोलावलंस? तसाच लगीन लावलास?"

"वेळ कमी होता, आत्या."

आत्याने पडद्यावर बोट ठेवलं. व्हिडिओच्या शेवटी चित्र कुणाचं, गाणं कुणाचं हे सांगायचा या चाहत्यांचा नेम असतो. तीच पाटी तिथे थांबली होती. "आनी हितं काय लिवलंय?"

"तुझं नाव लिहिलंय," अंकिता म्हणाली.

आत्याने पाटीकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि मोबाइल उचलून निघून गेली.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. माझं सातवं पान अंकिता विसरली होती. मी विसरले नव्हते.

पुढच्या महिन्यात परीक्षा आली, तेव्हा कुठे तिने मला पुढून उघडलं. मागणीचा नियम उलटता उलटता सातवं पान आलं. भामा, भामा, भामा. तिचा हात तिथेच थांबला. थोड्या वेळाने कानापर्यंत लाल होऊन ती मला छातीशी धरून स्वयंपाकघरात गेली. आत्या सुका जवळा निवडत होती.

"आत्या, त्या दिवशी तू ती पाटी वाचली होतीस ना?"

"सगला कुठं वाचता येतंय मना? माझा नाव तिथं नाय, येवढा कललं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

आत्याने जवळ्यातला एक खडा बाजूला टाकला. "तुला माझी लाज वाटली व्हती गो. तवा मी आनी काय बोलू?"

अंकिता रडली. तिची आसवं माझ्या सातव्या पानावर पडली आणि दोन 'भामा' फुटले, ते अजून तसेच आहेत.

तिने व्हिडिओ नव्याने बांधला. आधी आत्याचं नाव, मग चाळीस सेकंद नुसतं स्थिर पाणी आणि त्यावर देवांची आवतणं. दीपेशला तिने सांगितलं, "ती माझी आत्या आहे. मी खोटं बोलले होते." तो म्हणाला, लोक थांबणार नाहीत. खरंच थांबले नाहीत. जेमतेम सत्तर जणांनी पाहिला. आत्याने पाटीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, "भा... मा." मग म्हणाली, "आता आले बग देव."

मित्रांनो, इथे मला संपवता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या शेवटच्या पानाला आत्याच्या खोडलेल्या नावाच्या जागी भोक आहे. आणि अंकिताने स्वतःचा पहिला व्हिडिओ काढून टाकला, तरी ज्यांनी तो उतरवून घेतला होता, त्यांच्या हातून तो पुढे जातच राहिला. पुण्या-नागपूरकडे कुणी कुणी अजून पाहतं आणि कुणा अज्ञात बाईला शाबासकी देतं. मला तो थांबवता येत नाही. तुमच्यासमोर कधी आला, तर माझ्यासाठी एवढं करा. बुडालेलं गाव दिसेपर्यंत बघा, शेवटच्या पाटीपाशी थांबा आणि मोठ्याने म्हणा : भामा.