सव्वादोन हातांचा बोळ

उत्तरेश्वरच्या घराचा सोपा मोठा, स्वयंपाकघरही ऐसपैस, आणि या दोहोंना जोडणारा बोळ मात्र जेमतेम सव्वादोन हात रुंद. घर बांधताना त्याच्या आजोबांनी काय विचार केला होता कोण जाणे. बहुधा केलाच नव्हता. बारा-चौदा हात लांब, वर माळवद, एका अंगाला चुलत्यांच्या घराची भिंत आणि दुसऱ्या अंगाला धान्याची कोठी. भर दुपारीही आत शिरलं की भिंत चाचपत जावं लागे. तीन पिढ्यांच्या बायका त्यातून घागरी, ताटं आणि कडेवरची पोरं घेऊन गेल्या. त्यांनी कधी तक्रार केलीच असेल, तर ती ऐकून घ्यायला कुणी बसलं नव्हतं.

उत्तरेश्वरची बायको भिवरा, तीही आठ वर्षं त्यातून ये-जा करत होती. पण या उन्हाळ्यापासून ती बोळाच्या तोंडाशी आली की थबकायची. छातीवर हात जायचा, ओठ पांढरे पडायचे, श्वास लागायचा. मग ती परसदारानं बाहेर पडायची, गल्लीला वळसा घालायची आणि पुढच्या दारानं सोप्यात यायची. सोप्याकडच्या तोंडाशी वाट बघत उभ्या नवऱ्याचं ताटसुद्धा पदराखाली झाकून गल्लीतूनच यायचं. गावाला बोलायला एवढं पुरतं. पारावरची माणसं म्हणू लागली, उत्तरेश्वराची भाकर गाव फिरून येती. तो ऐकून खाली मान घालायचा. कारण ठाऊक असलेला माणूस चिडणार तरी कुणावर?

कारण पेवाचं होतं. मानमोडीच्या तापानं आदल्या साली आष्टीकडचा सगळा मुलूख झोडपून काढला होता. उत्तरेश्वरचे आईबाप एका आठवड्यात गेले, गडीमाणसंही गेली. वर पावसानं पाठ फिरवली. परळीकडे दिलेल्या बहिणीच्या घरी तर दाणा उरला नव्हता. तिचा नवरा बंकट गाडी घेऊन ज्वारी न्यायला आला. अंगणातलं पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं भुयार, त्या दिवशी पहाटे उघडलं. एरवी पेव उघडलं की रात्रभर तसंच ठेवायचं, आतली कोंडलेली हवा निघून जाऊ द्यायची, हा शहाणपणा गावातल्या शेंबड्या पोरालाही होता. पण पाहुण्याला परतायची घाई होती. उत्तरेश्वरनं दोरीला बांधून कंदील खाली सोडला. ज्योत मिणमिणली, पण विझली नाही. तेवढ्यावर त्यानं भागवलं.

आता उतरणार कोण? पेवाचं तोंड अरुंद, उत्तरेश्वरचे खांदे म्हणजे दरवाजाची फळी. पाहुण्याला उतरवायचं कसं? भिवरा अंगानं शेलाटी. तिनंच पदर खोचला आणि उतरली. चार टोपली वर आली तेव्हा तिचा आवाज आला, "आता वर घ्या. गरगराया लागलंय."

बंकट म्हणाला, "बास की आता. लई झाली."

तिथंच उत्तरेश्वरचा मोठेपणा आडवा आला. बहिणीच्या सासरी हात आखडला असं होऊ नये, म्हणून तो पेवात वाकून म्हणाला, "अजून एक टोपलं. एवढं भर अन् ये."

ते टोपलं वर आलं. भिवरा आली नाही. उत्तरेश्वर स्वतः उतरायला गेला तो खांद्यांशी अडकला. शेवटी बंकटनं तोंडाला ओलं फडकं बांधलं, आत उतरला आणि तिला दोरीला बांधून वर काढलं. ती जगली. पोटात तीन महिन्यांचं होतं, ते पाचव्या दिवशी गेलं. आठ वर्षांनी दिवस राहिले होते, आणि तिनं अजून नवऱ्याला सांगितलंही नव्हतं.

तेव्हापासून दोघांत त्या दिवसाचा शब्द निघाला नव्हता. उत्तरेश्वरनं मनाशी एकच गोष्ट धरून ठेवली होती. आपण जे म्हणालो ते तिला ऐकू आलंच नसेल. तिची शुद्ध आधीच हरपली असेल, हातांनी सवयीनं टोपलं भरलं असेल. एवढा एक आधार नसता तर त्याला भाकरीचा घास गिळवला नसता.

आणि म्हणून त्यानं बोळाचा ध्यास घेतला. बायकोला अरुंद जागेची धास्ती बसलीय, तर जागा मोकळी करू. मग ती पूर्वीसारखी घरातल्या घरात वावरेल, घर पुन्हा घर होईल. राधाकिशन गवंड्याला त्यानं बोलावलं. म्हातारा बोळात दोनदा जाऊन आला, भिंतींवर थापा मारल्या आणि बाहेर येऊन खाली बसला.

"मालक, भित न्हाई हलत. हिकडं तुमच्या चुलत्याचं घर, तिकडच्या भितीवर माळवद. हलवली तर समदं अंगावर ईल."

"मग काईच न्हाई का करता येत?"

"बोळ तेवढाच ऱ्हाईल. पर मोठा वाटल असं करता येतं." त्यानं तंबाखू मळली. "ह्यातलं सामान काढा. भितींला चुना लावा. वर साणं पाडा, म्हंजी मधोमध उजेड पडंल. आन् परसदार उघडं ठिवत जा. शेवट दिसला की माणसाला कोंडल्यावानी होत न्हाई."

उत्तरेश्वर त्या दिवसापासून हात धुऊन बोळाच्या मागे लागला. भिंतीवरची दावी, कासरे, जुनं जू, सगळं गोठ्यात गेलं. आईची मडक्यांची उतरंड त्यानं एकेक मडकं छातीशी धरून हलवली. माळवदाला राधाकिशननं हातभर चौकोनी साणं पाडलं. पावसात झाकायला वर फरशी ठेवली. चुन्याचे तीन हात उत्तरेश्वरनं स्वतः दिले. बोळातून जाताना त्याचा एक ना एक खांदा भिंतीला घासायचा, त्यामुळे महिनाभर त्याच्या सदऱ्याच्या बाह्या पांढऱ्याच होत्या. पारावर विचारणा झाली, "उत्तरेश्वरा, आता बैलगाडी नेतूस का काय बोळातनं?" त्यानं तेही हसून घेतलं. खालची जमीन पांढऱ्या मातीनं सारवून झाली तेव्हा बोळ खरोखर ओळखू येईना. सकाळच्या उन्हाचा एक चौकोन मधोमध पडायचा आणि दोन्ही भिंती मागं सरकल्यासारख्या दिसायच्या.

मग तो बोळाच्या सोप्याकडच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्यानं बायकोला हाक मारली. "ये. बघ आता कसा झालाय."

भिवरा पलीकडून आली. चार पावलं चालली. मग पहिल्यासारखाच छातीवर हात गेला. ती मागं फिरली, आणि थोड्या वेळानं गल्लीतून पुढच्या दारानं आत आली. "चांगला झालाय," म्हणाली. त्याच्याकडे न बघता म्हणाली. त्या रात्री उत्तरेश्वर जेवला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याची आष्टीच्या तहसील कचेरीत तारीख होती. भल्या पहाटे निघून तो पोचला, तर साहेब दौऱ्यावर गेलेले. चपराश्यानं दारातूनच परत पाठवलं. दुपार व्हायच्या आत तो घरी आला. सोप्यात वहाणा काढल्या, पाणी मागावं म्हणून बोळाकडे वळला आणि तिथंच थांबला.

भिवरा बोळातून येत होती. कमरेवर धान्याची पाटी, दुसरा हात मोकळा. पाऊल नेहमीसारखं, भिंत चाचपणं नाही, घाई नाही. साण्याखाली आली तेव्हा उगाच वर बघितलं, पदर सारखा केला, आणि पुढं चालू लागली. उत्तरेश्वरला इतका आनंद झाला की तो दोन पावलं पुढं जाऊन बोळाच्या तोंडाशी उभा राहिला.

भिवरानं समोर बघितलं. पाटी कमरेवरून सुटली, ज्वारी सगळ्या बोळात पसरली. ती पाठीनं भिंतीला चिकटली आणि तोंड उघडून श्वास शोधू लागली.

तो झटकन बाजूला झाला. सोप्यातल्या भिंतीला टेकून, बोळातून दिसणार नाही असा बसला. आतला श्वास हळूहळू जाग्यावर आलेला त्याला ऐकू आला.

"अजून अरुंद वाटतो का गं?" त्यानं न दिसताच विचारलं.

"बोळाचं मला कायबी न्हाई," आतून ती म्हणाली. "तुमी रानात गेलाव की मी ह्याच्यातनंच येती-जाती. चुना लावायच्या आदीपासनं."

"मग कावून गं?"

"तुमी तोंडाशी हुबं ऱ्हाता. खांद्यानं समदा उजेड बंद व्हतो. मग मला तसंच दिसतं. खालनं दिसलं व्हतं तसं."

उत्तरेश्वरला बोलायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलंच. "मला वाटलं, मी काय म्हणलो ते तुला ऐकू आलं नसंल."

"आलं की."

आतून ज्वारी सावडल्याचा आवाज येत होता.

"भरलं मी ते टोपलं. दोरीला बांधलं. मला वाटलं, आता दोरी ईल. तुमी टोपलं पोत्यात रितं केल्याचं ऐकलं. मग पोतं हापटल्याचं. मग बंकटदाजी काईतरी म्हणले. मी मोजीत व्हते. बारापतुर मोजलं."

उत्तरेश्वरला सगळं आठवत होतं. टोपलं रितं करून त्यानं पोतं आपटून बसवलं होतं. गाडीखाली सांडलेले दाणेही वाकून वेचले होते. आणि मग दोरी टाकली होती. तो गुडघ्यांत डोकं घालून रडला, आणि रडणं आत ऐकू जाऊ नये म्हणून धोतराचा सोगा तोंडात धरला. ते तिला ऐकू गेलं असणार. पण ती आली नाही, आणि त्यालाही ती येईल असं वाटलं नाही.

आत्तापर्यंत त्याला वाटत होतं, घरात अडचण भिंतींची आहे. भिंतींना चुना देता येतो.

त्यानं घर सोडलं नाही, की तिनं माहेर गाठलं नाही. भिवराचं गल्लीतून वळसा घालणं मात्र बंद झालं, तेव्हा गावानं राधाकिशन गवंड्याचं नाव काढलं. लांबलांबची माणसं बोळ बघायला येऊ लागली. मागं हात बांधून ती साण्याखाली उभी राहतात आणि म्हणतात, काय मोकळं केलंय हो घर. उत्तरेश्वर त्यांना सोप्यातूनच बोळ दाखवतो. स्वतः आत जात नाही.

जेवणवेळ झाली की स्वयंपाकघरातून भिवराची हाक येते.

"सरकलाव का?"

उत्तरेश्वर उठतो, बोळाच्या तोंडापासून लांब, कोपऱ्यातल्या भिंतीला लागून बसतो.

"सरकलो," तो म्हणतो. मग ती ताट घेऊन निघते.