भिंतीपलीकडचं सावधान

थायरॉईडच्या ऑपरेशननंतर नयनाताईंचा आवाज बसला, तो पुरता सुटलाच नाही. शब्द उमटायचे, पण त्यांच्यामागून नुसती हवा यायची. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्यांनी नेमाने केले. स्वयंपाकघरातल्या स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतका आवाज परतला आणि तिथेच थांबला. त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती.

लखनौतल्या मराठी मंडळींना ही गोष्ट फार लागली होती. विद्यापीठातले प्राध्यापक असोत की छावणीतलं एखादं फौजी कुटुंब, कोणाच्याही घरी लग्न निघालं की मंगलाष्टकं नयनाताईंचीच. त्या ती स्वतः रचायच्या, नवरानवरीची नावं त्यात गुंफायच्या आणि अशा मोकळ्या गळ्याने म्हणायच्या की केटरिंगची पोरंसुद्धा हातातले ट्रे धरून उभी राहायची. आता बोलावणं आलं तर त्या अक्षता टाकून, जेवून परत यायच्या.

यंदा महाराष्ट्र मंडळाचं नाटक स्वप्नाने लिहिलं होतं. स्वप्ना जानकीपुरम विस्तारातल्या औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. नाटकात सांगलीचा मुलगा आणि लखनौची मुलगी यांचं लग्न होतं, आणि त्यात मंगलाष्टक म्हणणारी एक आत्या होती.

"आत्या तुम्हीच," स्वप्ना येऊन म्हणाली.

"अगं, माझा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत तरी पोचेल का? लोक बिचारे कानाला हात लावून बसतील. मला नको ते."

त्यांचे यजमान हणमंतराव शेजारीच मटार सोलत बसले होते. मूळचे कराडचे, पस्तीस वर्षं वायुदलात सिग्नल्समध्ये काढलेले. डोंगरमाथ्यावर अँटेना उभ्या करण्यात त्यांचं तारुण्य गेलं. शेवटची बदली लखनौला झाली, गाव आवडलं, आणि जानकीपुरममध्ये घर बांधून ते इथलेच झाले होते.

"तू नुसतं म्हण," ते मान वर न करता म्हणाले. "पोचवायचं मी बघतो."

संध्याकाळी पोळ्या लाटताना नयनाताई ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होत्या, बोटांवर मात्रा मोजत होत्या. हणमंतरावांनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी हजरतगंज गाठलं. तिथल्या एका गल्लीतल्या दुकानातून त्यांनी वायरलेस माईकचा सेट आणला. गालालगत बसणारा बारीक माईक, कमरेला अडकवायचा पत्त्यांच्या कॅटाएवढा ट्रान्समीटर, आणि दोन अँटेनांचा रिसीव्हर. आठवडाभर ते घरात मुलासारखे त्याच्याशी खेळत होते. नयनाताईंना ते गच्चीवर पाठवायचे, स्वतः खाली बसून ऐकायचे आणि हिंदीत ओरडायचे, "हाँ, बढ़िया! अब टंकी के पीछे जाओ!"

नाटक फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी, कम्युनिटी सेंटरच्या सभागृहात होतं. सकाळी शेवटची तालीम ठेवली होती. हणमंतरावांनी सगळी जोडणी केली आणि नयनाताई नऊवारी शालू नेसून रंगमंचावर आल्या. पहिली ओळ नीट आली. दुसऱ्या ओळीला त्या वधूकडे वळल्या आणि आवाज तुटला. पुन्हा समोर आल्या, तर अर्धं वाक्य आलं आणि मग नुसती खरखर.

नयनाताईंचा चेहरा पडला. "राहू दे ना हो. स्वप्ना, तू मंगलाष्टक रेकॉर्ड करून लाव कोणाचं तरी."

"आंटी, दो मिनट रुकिए ना," वधूच्या वेशातली मुक्ता म्हणाली. ही स्वप्नाची मुलगी, कॉलेजात शिकणारी. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतूनच. "अंकल कर लेंगे."

हणमंतराव रिसीव्हरपाशी गेले आणि स्वतःच्याच कपाळावर त्यांनी हात मारला. सभागृहाच्या माणसाने टेबल कमी पडलं म्हणून रिसीव्हर उचलून मागच्या लोखंडी कपाटाला टेकवून ठेवला होता, आणि दोन्ही अँटेना कपाटाच्या पत्र्याला चिकटून आडव्या पडल्या होत्या. त्यांनी रिसीव्हर पुढे आणला. प्रेक्षक बसले की त्यांच्या अंगाआड सिग्नल अडेल, म्हणून तो डोक्यांच्या वर, एका उंच स्टँडवर बसवला. दोन्ही अँटेना वर करून एक डावीकडे, एक उजवीकडे कलती केली.

"हे असं कशाला?" स्वप्नाने विचारलं.

"दोन माणसं वेगवेगळ्या खिडक्यांतून बघतायत असं समज. एकाला ही दिसली नाही तर दुसऱ्याला दिसते. रिसीव्हर ज्याचं चांगलं त्याचं ऐकतो."

आवाज खूपच सुधारला. तरी नयनाताई वळल्या की किंचित तुटायचाच. हणमंतराव त्यांच्याभोवती एक चक्कर मारून आले. ट्रान्समीटर कमरेला होता आणि त्याच्यावरून जरीचा पदर घट्ट खोचलेला होता.

"अस्सल जर आहे गं ही. म्हणजे धातूच. तू त्याला चांदीच्या डब्यात घातलंयस."

"माझ्या आईचा शालू आहे. बदलणार नाही हं मी."

"शालू राहू दे. डबी मागे सरकव आणि तिची शेपटी मोकळी सोड."

मुक्ताने पिना काढल्या, ट्रान्समीटर पाठीमागे नेला, त्याची छोटी वायर पदराबाहेर सोडली. नयनाताईंनी एक गिरकी घेतली. मग अगदी हळू, रोज घरात बोलतात तशा, त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय का?"

रिकाम्या सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत तो प्रश्न स्वच्छ गेला. नयनाताई स्वतःच दचकल्या. मग हसल्या, आणि ते हसणंही सगळीकडे ऐकू आलं.

बॅटरी वाचवायला त्यांनी ट्रान्समीटर बंद केला, आणि तेवढ्यात स्पीकरमधून एक दणदणीत पुरुषी आवाज आला, "हैलो, हैलो, चेक! चाट वाले भैया, अपना काउंटर ज़रा पीछे कर लीजिए!"

सगळे चमकून वर बघायला लागले. हणमंतरावांनी रिसीव्हरवर पाहिलं. आपला माईक बंद असूनही त्यावरच्या पट्ट्या नाचत होत्या. भिंतीपलीकडे लग्नाचं लॉन होतं, तिथे दिवसाचं लग्न होतं, आणि त्यांचा माईक नेमका याच चॅनेलवर चालत होता.

ते तडक पलीकडे गेले. लॉनवर झेंडूच्या माळा चढत होत्या. साऊंड सांभाळणारा सौरभ नावाचा तिशीतला माणूस केबल गुंडाळत उभा होता. हणमंतरावांचं बोलणं ऐकून त्याने कान पकडले.

"अरे अंकल, माफ़ कीजिएगा. हम बदल लेते हैं चैनल. आपका ड्रामा ख़राब नहीं होना चाहिए."

"नहीं बेटा, लड़की की शादी है. हमारा क्या, हम ही बदल लेंगे."

"अंकल, आप बड़े हैं. आप बिल्कुल मत छेड़िए, हम कर लेंगे."

हणमंतराव निघणार तोच त्यांना त्याचा रिसीव्हर दिसला. मंडपाच्या लोखंडी खांबांमागे, टेबलाखाली, पाण्याच्या जारशेजारी ठेवलेला. त्यांना राहवलं नाही. "इसे ऊपर बाँध दें?" सौरभने आनंदाने बांबू आणला. दोघांनी मिळून रिसीव्हर उंचावर चढवला, अँटेना लॉनच्या मोकळ्या अंगाला, म्हणजे सभागृहाच्या भिंतीकडे, तोंड करून पसरल्या. सौरभने त्यांना बळजबरीने चहा पाजला.

परत येताना हणमंतरावांच्या मनात आलं, पोरगा कामाच्या गडबडीत विसरला तर? आणि लग्न ते लग्न. आपणच सरकलेलं बरं. त्यांनी आपल्या सेटला मोकळा चॅनेल शोधायला लावला, त्याने दाखवला तो घेतला, ट्रान्समीटरही त्यावर आणला. ऐकून पाहिलं. शांत, निर्मळ. ते निर्धास्त झाले.

पलीकडे सौरभ शब्दाला जागला होता. त्यानेही आपल्या सेटला मोकळा चॅनेल शोधायला लावला होता. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना मोकळी असणारी जागा ती एकच. दोघंही भल्या मनाने उठले आणि पुन्हा एकाच बाकावर जाऊन बसले. सौरभचा माईक तेव्हा बंद होता, म्हणून हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

नाटक रंगलं. सभागृह भरलं होतं, छावणीतली कुटुंबं आली होती, मागे लोक उभे होते. दुसऱ्या अंकात लग्नाचा प्रसंग आला. अंतरपाट धरला गेला. नयनाताई पुढे आल्या. हणमंतरावांनी हळूच त्यांच्या माईकचा आवाज वाढवला.

नयनाताईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"आली गोमतिच्या तटी नववधू, लाजून पाहे पुढे…"

पूर्वीचा तो मोकळा, खणखणीत आवाज नव्हता. हा आवाज हलका होता, थोडा फाटका, कानाशी येऊन बोलल्यासारखा. पण प्रत्येक अक्षर पोचत होतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी नकळत पदर सावरले. शेवटच्या रांगेतले एक निवृत्त कर्नल चष्मा काढून पुसत होते. 'कुर्यात् सदा मंगलम्' झालं, आणि सगळी ताकद एकवटून नयनाताई म्हणाल्या,

"शुभमंगल… सावधान!"

सभागृहात अक्षता उडाल्या. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे एकच हलकल्लोळ उठला. टाळ्या, शिट्ट्या, बँडवाल्यांचा ढोल. रंगमंचावरचा नवरदेव बावरून बघत राहिला. प्रेक्षकांना वाटलं नाटकाचाच भाग आहे, आणि त्यांनी दुप्पट टाळ्या वाजवल्या.

हणमंतरावांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा रिसीव्हरकडे, आणि त्यांना सगळं कळून चुकलं. ते मटकन खुर्चीत बसले.

पडदा पडेपर्यंत सौरभ धापा टाकत विंगेत हजर झाला होता. हणमंतराव हात जोडूनच पुढे गेले. "बेटा, गड़बड़ हो गई. हमने भी चैनल बदल दिया था…"

"अंकल, गड़बड़ छोड़िए, पहले सुनिए!" सौरभला हसू आवरत नव्हतं.

पलीकडे जयमालेची वेळ झाली होती. नवरदेव लष्करात कॅप्टन, वरातीत त्याचे पलटणीतले दोस्त. त्यांनी नेहमीचा खेळ मांडला होता. नवरी हार घालायला आली की नवरदेवाला खांद्यावर उचलायचा. नवरी उड्या मारून दमली, तिची दादी रागावली, कोणी ऐकेना. गाणं बदलायचं म्हणून सौरभने संगीत थांबवलं होतं, आणि त्या शांततेत स्पीकरमधून कोणा बाईचा हळुवार स्वर यायला लागला. भाषा समजेना, पण काहीतरी मंगल चाललंय एवढं सगळ्यांना कळलं. दादीने डोक्यावर पदर घेतला आणि दटावलं, "चुप! मंत्र पढ़े जा रहे हैं." सगळं लॉन हात जोडून उभं राहिलं. नवरदेव मात्र अजून खांद्यावरच.

"और फिर मैडम ने कहा, सावधान!" सौरभ म्हणाला. "फ़ौजी लोग थे अंकल. सबके हाथ सीधे नीचे! खट् से सावधान! दूल्हा सीधा ज़मीन पर, और दुल्हन ने उसी सेकंड माला डाल दी!"

विंगेत जो हशा उठला तो आवरता आवरेना. मुक्ता जमिनीवरच बसली. हणमंतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पस्तीस वर्षं परेड केलेल्या त्या माणसाला ते दृश्य नुसतं ऐकून दिसत होतं. नयनाताईंनी तोंडावर हात धरला होता. त्यांचं हसू बिनआवाजाचंच होतं, पण खांदे गदगदा हलत होते.

"माझ्या आवाजावर? पलटण?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. "माझ्या?"

तेवढ्यात नवरीचे वडील आले, मागून काठी टेकत स्वतः दादी. तिने विंगेतल्या प्रत्येक बाईकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "वो कौन बिटिया थीं जो पढ़ रही थीं?"

पासष्टीच्या 'बिटिया'ने हात वर केला. दादीने तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मग कोणाचंही काही न ऐकता तिने सगळ्या नाटकमंडळींना, होते त्या वेशात, लॉनवर नेलं. अशा रीतीने एका मांडवात दोन नवऱ्या आणि दोन नवरदेव फिरू लागले. पाहुण्यांचा फोटोसाठी भलताच गोंधळ उडाला. कॅप्टनसाहेबांनी नयनाताईंना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या दोस्तांनी कडक सॅल्यूट ठोकला.

हणमंतराव सौरभकडे वळले. "अब तो एक बात तय कर लें. तू बदलेगा या हम?"

"अंकल, अब कोई मत बदलिए," सौरभ म्हणाला आणि त्यांच्या हातात गरम कचोरीची पत्रावळ देऊन टाकली.

नवरीसाठी दादी आता बायकांना घेऊन गाणी म्हणायला बसली होती. तिने नयनाताईंना शेजारी ओढलं. ढोलक सुरू झाली. अवधी बोल नयनाताईंना येत नव्हते. दादी एक ओळ सांगे, त्या ती पुटपुटत. तीन-चार ओळींनंतर त्यांनी पुटपुटणं सोडलं. आवाज मध्येच फाटला तरी त्या थांबल्या नाहीत, फाटला तिथूनच पुढे गेल्या. दादीने मान डोलावून ढोलकवालीला हळू वाजव अशी खूण केली, त्यांचा स्वर बुडू नये म्हणून.

सौरभ लगबगीने माईक घेऊन निघाला. हणमंतरावांनी त्याचा दंड धरला.

"रहने दे बेटा," ते म्हणाले. "इतने पास से सुनाई दे रहा है."