जाड तारेने बांधलेला फ्यूज

मित्रांनो, इकडे वर बघा, गाडीच्या दारावर. काळ्या डब्यात एका बाजूने करपलेला पांढरा तुकडा दिसतो ना? तो मी, चिनी मातीचा फ्यूज. हसू नका, चुडावा गावातल्या घरी मीटरखाली वीस वर्षं काढली आहेत मी.

माझ्या पोटात बारीक तार असते. वीज जास्त ओढली गेली की ती वितळते, म्हणजे मी उडतो आणि घर वाचतं. त्या वाचलेल्या घरातून मला पहिला शब्द काय ऐकू येतो? "मेला, पुन्हा गेला का!" सवय झाली होती म्हणा.

माझे मालक सूर्यभान रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांसाठी रूळ बदलणारे, होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, विजेची शेगडी, देव्हारा आणि छताला एसी. त्यांच्या पत्नी धुरपताबाईंना हृदयाचं दुखणं, ऊन सोसत नव्हतं, पण फिरायची हौस दांडगी. ज्याच्या दारात थांबू त्याच्या घरातून केबल ओढायची, असा बेत होता. गाडीला वायरमन फ्यूजऐवजी आपोआप पडणारं नवं बटन बसवू म्हणाला, तर सूर्यभानांनी घरून मलाच काढून आणलं आणि म्हणाले, "ह्योच असू दे. इमानदार हाय." त्या एका शब्दावर मी आजही जगतो.

त्या केबलवर एसी चाले किंवा शेगडी, दोन्ही एकदम नाही. म्हणून सूर्यभानांनी पितळेची एक चकती केली. पूर्वी रेल्वेच्या एकेरी लाईनवर टोकन ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्याचीच गाडी सुटायची. त्याच धर्तीवर इथे दोन खिळे ठोकले, एक एसीपाशी, एक शेगडीपाशी. चकती जिथे, वीज तिथे. चहाच्या वेळी धुरपताबाई एसी बंद करून चकती शेगडीकडे न्यायच्या आणि हसायच्या, "सोडा वो आता माझी गाडी!"

गेल्या मे महिन्यात आम्ही सोनपेठला धुरपताबाईंच्या भावाकडे, महारुद्रांकडे गेलो. एसीची गाडी बघायला गल्लीतल्या बाया लोटल्या. महारुद्रांची बायको सविता पाहुणचारात कमी पडणारी नव्हे. सगळ्यांना चहा आतच, गारव्यात. शेगडीही चालू, एसीही चालू. मी उडालो. नवी तार घातली, परत उडालो. तिसऱ्यांदा उडालो तेव्हा महारुद्रांचा पारा चढला. गावातल्या निम्म्या पाण्याच्या मोटारी त्यांनी जोडलेल्या, आणि अशी चारचौघींत फजिती!

"दाजी, कसला खेळ मांडलाय ह्यो? सरका तिकडं." त्यांनी मोटारीची जाड तांब्याची तार तीन पदरी करून माझ्या पोटात आवळली. "आता बापाच्यानं उडत न्हाई."

"लय जाड हाय रे, महारुद्रा," सूर्यभान पुटपुटले.

"तुमी रेल्वेतले, दाजी. विजेचं मला नका सांगू."

बाया हसल्या. सूर्यभानांनी खिळ्यावरची चकती काढून गुपचूप खिशात टाकली. तिथेच माझा जीव घाबरला.

दुसऱ्या दिवशी दोघे मेहुणे बाजाराला गेले. धुरपताबाई दुपारी एसी लावून निजल्या. घरातला गॅस संपलेला, म्हणून सविताने गाडीतल्या शेगडीवर डाळ ठेवली. नणंदेची झोप मोडू नये म्हणून ती पाय न वाजवता बाहेर गेली आणि गारवा जाऊ नये म्हणून दारही घट्ट ओढून घेतलं. किती मायेने केलं हो तिने सगळं!

इकडे माझं अंग तापू लागलं. तूट रे, तूट, असं मी स्वतःला म्हणत होतो. तार हलेना. मागच्या वायरींचं प्लास्टिक वितळू लागलं, धूर निघाला. बाहेर जायला दार एकच, तेही माझ्याखालचं. मित्रांनो, फ्यूजला ओरडता येत नाही. उडणं हेच त्याचं ओरडणं, आणि तेच माझं बांधून टाकलेलं. समोर ती माउली झोपलेली, आणि मी नुसता बघतोय. भाजून माझ्या अंगाला तडा गेला, तरी सुटका नाही.

पुढचं सूर्यभानांनी नंतर सांगितलं. बाजारात चष्मा काढायला त्यांनी खिशात हात घातला, तर हाताला चकती लागली. त्यांच्या मनात आलं, टोकन माझ्या खिशात, मग लाईनवर काय सुटलंय? पिशवी तिथेच टाकून ते पळत सुटले. आल्या आल्या आधी घराच्या भिंतीतली केबल उपटली आणि मग दार ओढलं.

"धुरपता! अगं धुरपता!"

"हितंच हाय," खोकत आवाज आला. त्या पलंगाच्या कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. सूर्यभानांनी त्यांना उचलूनच बाहेर आणलं.

मागून आलेले महारुद्र बहिणीपाशी बसले. "अक्का, माझ्या हातानं जाळायलो होतो गं तुला." संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या वायरी बदलल्या. मला फेकायला निघाले, तर सूर्यभान म्हणाले, "त्यालाच बसव. त्याचा काय गुन्हा?" मग महारुद्रांनी माझ्या पोटात स्वतःच्या हाताने बारीक तार घातली. केवढा मोकळा श्वास घेतला मी!

मित्रांनो, तुमच्या घरचा फ्यूज उडाला, तर आधी काय जास्त चालू आहे ते बघा. जाड तार घालून आम्हाला बांधू नका. आम्हाला तुटायची मोकळीक असू द्या.

परवा रात्री देवगाव फाट्याला एका हॉटेलमागे गाडी उभी होती. बोलण्याच्या नादात धुरपताबाई चकती विसरल्या, एसी चालू असतानाच शेगडी लावली. मी फट्कन उडालो. अंधार झाला, उकाडा दाटला. आता शिवी येणार म्हणून मी अंग चोरून घेतलं.

धुरपताबाई उठल्या. चाचपडत दारापाशी आल्या आणि माझ्या डब्यावर हात ठेवून म्हणाल्या, "उडलास? लय बरं केलंस, लेकरा."