तिच्या खाटेपाशी इंग्रजी

बायकोचं नाव भिकुबाई. ती होती तोवर मी ते कधी तोंडाने घेतलं नाही. आता घेतो.

आम्ही पिंप्राळ्याचे शेतकरी. मुलगा जीवराम मॅट्रिक होऊन धुळ्याला कलेक्टर कचेरीत कारकून लागला. म्हणून दुखणं वाढलं तेव्हा तिला धुळ्यालाच नेलं. दवाखान्यात डॉक्टर मद्राशी, नर्स गोव्याची. दोघं तिच्या खाटेपाशी इंग्रजीत बोलायचे आणि जीवराम इंग्रजीतच उत्तर द्यायचा. पहिल्या दिवशी बरंच बोलणं झालं. भिकुबाई एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. मीही. मला मुलाचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

काय म्हणाले, मी विचारलं. बरी होईल, जीवराम म्हणाला. मग व्हरांड्यात मला समजावत बसला. म्हणाला, मद्रासचा माणूस, गोव्याची बाई आणि मी खानदेशी, या एका भाषेमुळे आमचं अडत नाही. आफ्रिकेत जा, ऑस्ट्रेलियात जा, हीच चालते.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली होती. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, म्हाताऱ्या झाल्या तरी जातात. तिचं माहेर नरडाणा, धुळ्याहून फार लांब नाही. भाऊ झुलाल वाट बघत होता.

ती म्हणाली, "आखाजीले माले नरडाण्याले लई चला."

"पहिले बरी व्हय. मंग जाजो."

ती रोज विचारायची, मी रोज तेच सांगायचो. पुढे तिने विचारणं सोडलं. आखाजीच्या आदल्या दिवशी गेली.

बरी होणार होती ना, मी नर्सला म्हणालो. ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "तुम्हारे लड़के को पहले ही दिन बोला था. बचेगी नहीं, घर ले जाओ."

जीवरामने खाली बघूनच सांगितलं, "आबा, तुमची आशा मोडवली नाही. आणि घरी नेऊन तुम्ही भगतच बोलावला असता."

तिच्या मरणाचं बोलणं तिच्या डोक्यावरून झालं. मद्राशाला कळलं, गोव्याच्या बाईला कळलं. मरणारीला कळलं नाही.

झुलाल लुगडं घेऊन आला. सणासाठी घेतलेलंच होतं. तेच तिच्या अंगावर घातलं.

आखाजीला गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर मांडतात, तशी यंदा तिच्या नावाची मांडली. झुलालने ती आपल्याकडे मांडायला मागितली, पण मेलेलीची घागर सासरीच पुजायची. म्हणजे याही वर्षी ती नरडाण्याला गेली नाही.

जीवराम धुळ्याहून आला. घागरीत पाणी ओतायला तांब्या घेऊन पुढे झाला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

"पहिले तिले सांग, डॉक्टर काय म्हणे ते. आपला बोलीमा सांग."

तो "माय" म्हणाला आणि थांबला. मी त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि पाणी मीच ओतलं.